पाव : लादीतला, किलोतला आणि देवाचा

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या सोसायटी ग्रुपवर परत तेच फिरतंय, की पावाचं पीठ पायानं तुडवायचे म्हणून त्याला पाव म्हणतात. हे चूक आहे, आणि पहाटे उठून भट्टी लावणाऱ्या बेकरीवाल्यांची त्यात उगाच बदनामी होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बेकरीतली साधी चिठ्ठी बघा. "पाव १ लादी, टोस्ट पाव किलो". आणि हे ज्या कागदावर लिहिलंय ती पावती! एका चिटोऱ्यावर तीन पाव, आणि तिघांचं कूळ वेगळं.

किलोतला पाव म्हणजे संस्कृतातला पाद. पाद म्हणजे पाय, आणि पाद म्हणजे चौथा हिस्सापण, कारण गाय-म्हशीचे पाय चार. प्राकृतात मधला द गळाला, मग एकीकडे पाय झाला आणि दुसरीकडे पाव. पावशेर, चार आण्यांची पावली, सगळं त्यातलंच. पाऊणसुद्धा, पाद-ऊन, म्हणजे पाव कमी.

पावतीचं मूळ प्राप्. पावणे म्हणजे पोचणे, मिळणे. पैसे पावले म्हणून पावती, आणि पोचपावतीत तर एकच अर्थ दोनदा आलाय. गणपती नवसाला पावतो, कोणी विजय पावतो, कोणी मरण पावतो, क्रियापद तेच. मला हा पाव सगळ्यात आवडतो, कारण रोजच्या बोलण्यातून तो कमी होत चाललाय पण देवाच्या बाबतीत अजून कोणी "गणपती पोचला" म्हणत नाही. (गावाकडे पाहुण्याला पावणं म्हणतात ते यातलं नाही हां, तो प्राघूर्णकपासून आलेला पाहुणा.)

आता खायचा पाव. हा पोर्तुगीज, त्यांच्याकडे ब्रेडला 'पांव'च्या जवळ जाणारा नाकातला उच्चार आहे, आणि त्याचं मूळ लॅटिन पानिस. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली, ठाणं त्यांच्याकडे १७३७ पर्यंत होतं, म्हणजे दोनशे वर्षं हे लोक आपल्याच खाडीकाठी राहत होते, भाकरी-चपातीपेक्षा वेगळी, फुगवून भट्टीत भाजलेली वस्तू ते खायचे आणि वस्तूबरोबर नावपण इथेच राहिलं. विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, अशा गोष्टी वसई-गोव्याकडे सांगतात त्या याच पावाच्या.

पायाची गोष्ट चूक कशावरून, तर जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात, तोही याच पोर्तुगीज शब्दावरून, पोर्तुगीज तिकडे १५४३ ला पोचले. जपानीत पायाला म्हणतात 'आशी'. मग तिथे कोणी पायानं तुडवून हे नाव ठेवलं? दुसरी एक थिअरी आहे की लादीचे चार तुकडे करायचे, त्यातला एक तो पाव. ऐकायला बरी वाटते पण जपानपुढे तीही टिकत नाही.

माझ्या मते हा घोळ हिंदीमुळे वाढला असणार. मराठीत पायाला पाय म्हणतात, पण हिंदीत पाँव, आणि पोर्तुगीज उच्चारपण तसाच नाकातला, त्यामुळे हिंदी कानाला ब्रेड आणि पाय एकच ऐकू येतात. गुजरातीनं तर तो नाकातला आवाज लिहिण्यातपण ठेवलाय, मुलुंडला गाडीवरच्या गुजराती पाटीवर पांउभाजी असं टिंबासकट दिसेल, नीट बघा एकदा. मराठीनं टिंब सोडलं आणि शब्द किलोतल्या पावासारखा हुबेहूब दिसायला लागला. बंगालीत पाउरुटी, हिंदीत पावरोटी, म्हणजे नवीन पाहुण्याला ओळख पटावी म्हणून आपली रोटी जोडून दिली.

वडापावात वडा तेवढा आपला, संस्कृत वटक, बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगीज. तुरुंग पण त्यांचाच शब्द, आणि ठाण्याचं सेंट्रल जेल ज्या किल्ल्यात आहे तो बांधायला घेतलाही त्यांनीच.

वसई-उत्तनकडच्या मंडळींनी जरूर सांगा, तुमच्या घरातली म्हातारी माणसं अजून नाकातून 'पांव' म्हणतात का, आणि पाव किलो म्हणताना त्यांचा उच्चार वेगळा होतो का?