जीभ आणि ओठ, दोन्हीकडचा पडदा कापावा का?

प्रश्न
माझे बाळ पाच आठवड्यांचे आहे. पिताना ते वारंवार सुटते, चटचट आवाज येतो आणि पाजून झाल्यावरही स्तनाग्रे बराच वेळ ठणकतात. रडताना त्याच्या जिभेचे टोक मध्ये ओढले जाऊन बदामाच्या आकाराचे दिसते. दंतवैद्यांनी जिभेखालचा आणि वरच्या ओठामागचा, असे दोन्ही पडदे लेझरने मोकळे करण्यास सुचवले आहे. सासूबाईंच्या मते मधात वेखंड उगाळून जिभेला चोळावे. काय करावे?

बालशल्यचिकित्सक
वेखंडाने पडदा सुटत नाही, आणि मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये, कारण त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा, धोका असतो.

ओठाला तूर्त हात लावू देऊ नका. तो पडदा बहुतेक सर्व तान्ह्या बाळांना असतो आणि तो कापल्याने पिणे सुधारते याला भक्कम आधार नाही. पुढे दातांत फट राहिलीच, तर कायमचे सुळे आल्यावर, म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांनंतर, हा पडदा कापण्याचा विचार होतो.

जिभेचे मात्र तपासून ठरवावे. बाळाला दुपट्यात गुंडाळून, जीभ वर उचलून, पातळ पडदा बोथट टोकाच्या कात्रीने कापतात. एक-दोन थेंब रक्त येते, ते गॉजने दाबल्यावर थांबते आणि बाळाला लगेच पाजता येते. नंतर काही दिवस दिसणारा पांढरट चट्टा पू नसतो. जन्मानंतर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते का आणि घराण्यात रक्तस्रावाचा विकार आहे का, हे आधी अवश्य सांगा. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात, 5 चाचण्या आणि 302 बाळांच्या आधारे, आईच्या वेदना काही काळ कमी झाल्याचे आढळले. बाळाच्या पिण्यात मात्र सातत्याने सुधारणा दिसली नाही. म्हणून घाई नको, पण वेदना सोसत राहणेही नको.

स्तनपान सल्लागार
त्याआधी कोणाला तरी समोर बसवून एकदा पूर्ण पाजणे पाहू द्या. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर ठेवून, त्याने मोठा आ केल्यावर हनुवटी आधी टेकेल असे जवळ घेतले, तर कित्येकदा तेवढ्यानेच दुखणे कमी होते. वजन नियमित वाढते आहे का, हेही पाहा. ते वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

वाचा-उपचारतज्ज्ञ
‘पुढे बोबडे बोलेल’ या भीतीने आज शस्त्रक्रिया करू नका. अशा जिभेमुळे मूल उशिरा बोलू लागते असे नाही. ट, ण, ळ उच्चारताना टोक वर वळावे लागते, तरी अनेक मुले ते व्यवस्थित जमवतात. बोलणे लांबलेच, तर प्रथम श्रवणचाचणी करून घ्या.