घरात चार संगणक, चार डिस्ट्रो: गरज की नुसती हौस?

साधाभोळा:
सरळ मुद्द्यावर येतो. घरात तीन-चार संगणक असतील तर सगळ्यांवर एकच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एकच तयार प्रकार असावा, या मताचा मी आहे. लॅपटॉपवर फेडोरा, घरच्यांच्या पीसीवर मिंट, कोपऱ्यातल्या सर्व्हरवर डेबियन आणि हौसेखातर एकावर आर्च असा संसार मांडलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मांडायला मजा येते, निस्तरायचं कोणी? फेडोराची नवी आवृत्ती साधारण ६ महिन्यांनी येते आणि तिचा सपोर्ट १३ महिन्यांच्या आसपास संपतो. उबुंटू एलटीएस, म्हणजे त्याची दीर्घ सपोर्टवाली आवृत्ती, दर २ वर्षांनी, एप्रिलमध्ये. डेबियनचं आपलं 'तयार होईल तेव्हा', म्हणजे साधारण २ वर्षांनी. आर्चला तर आवृत्तीच नाही, अपडेट येतच राहतात. एवढी वेळापत्रकं सांभाळणारा माणूस घरात एकच असतो, आणि प्रिंटर अडला की हाकही त्यालाच. वर पॅकेजची नावं वेगळी: अपाची हा वेब सर्व्हर डेबियनवर 'अपाची२', फेडोरावर 'एचटीटीपीडी'. ॲडमिनचा ग्रुप एकीकडे 'सुडो', दुसरीकडे 'व्हील'. हे सगळं कशासाठी?

उचापती:
साफ असहमत. मशिनची कामं वेगळी, मग डिस्ट्रो एक कशाला? सर्व्हर कंटाळवाणाच हवा, तिथे डेबियन स्टेबल, म्हणजे त्याची तपासून पक्की झालेली आवृत्ती. नव्या ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपला नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि नवं मेसा (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) लागतं, तिथे फेडोरा. जुनं ३२ बिटचं मशिन असेल तर पर्यायच आटलेत. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून त्यासाठीचा कर्नल बंद केला, आणि २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण विसरलात का? मार्च २०२४ मध्ये त्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून केलेलं) लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंदावलेलं जाणवलं म्हणून, नाहीतर खपून गेलं असतं. तो माल डेबियन टेस्टिंग, टंबलवीड, फेडोरा रॉहाइड अशा ताज्या पॅकेजवाल्या शाखांपर्यंत पोचला होता, डेबियन स्टेबलपर्यंत नाही. घरभर एकच रोलिंग (आर्चसारखा सतत अपडेट होणारा) डिस्ट्रो असता तर?

साधाभोळा:
अहो, हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला! यातून 'सगळीकडे स्टेबल ठेवा' एवढंच निघतं, 'चार ठेवा' नाही. उलट चार असले की त्या दिवशी चारही ठिकाणी जाऊन आपली आवृत्ती कुठली, ते बघत बसायचं.

बूटमेनू:
वेगवेगळ्या मशिनवर वेगळे डिस्ट्रो, याला माझी ना नाही. पण एकाच डिस्कवर तीन-तीन कोंबणाऱ्यांसाठी चार शब्द, कारण खरा ताप तिथे आहे.

उबुंटू आणि मिंट शेजारी बसवले तर ईएफआय पार्टिशनमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या फाइली असतात तिथे) दोघांचंही फोल्डर 'उबुंटू' नावाचंच. नंतर येणारा आधीच्याच्या बूटलोडरवर बसतो. ग्रब या बूटलोडरच्या २.०६ पासून ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या इतर सिस्टम शोधणारा प्रोग्राम, मुळातच बंद असतो, त्यामुळे नवा डिस्ट्रो टाकल्यावर जुना मेनूतून गायब झाला की लोक डिस्क पुसली म्हणून घाबरतात. काही पुसलेलं नसतं. 'ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मध्ये ओएस-प्रोबर चालू करणारी एक ओळ घालून ग्रबची मेनू फाइल पुन्हा तयार करायची.

स्वॅपची, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची, गंमत वेगळीच. नव्याच्या इन्स्टॉलरने सामायिक स्वॅप फॉरमॅट केलं की त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, जुन्याच्या एफएसटॅबमध्ये (पार्टिशनच्या यादीत) मात्र पहिलाच राहतो. मग जुना बूट करताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ येते आणि सिस्टमडी (सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) दीड मिनिट हरवलेल्या स्वॅपची वाट बघत बसतो. संगणक म्हातारा झाला असं समजून रॅम वाढवायला निघालेले लोक पाहिलेत!

उचापती:
हे सगळं एकदाच निस्तरावं लागतं की. स्वॅप फाइल प्रत्येकाची वेगळी ठेवा आणि ग्रबच्या भानगडीत न पडता फर्मवेअरच्या (संगणकाच्या स्वतःच्या) बूट मेनूतून निवडा. होम पार्टिशन, म्हणजे आपल्या फाइली आणि सेटिंग्जची जागा, एकच ठेवलं की झालं.

शेवटचा बाक:
होम एकच? राव, तिथेच तर गाडं अडतं. एकीकडे नवा फायरफॉक्स, दुसरीकडे डेबियनचा ईएसआर, म्हणजे फायरफॉक्सचीच दीर्घ सपोर्टवाली, जुनी आवृत्ती. नव्याने उघडलेलं प्रोफाइल जुना उघडतच नाही, नवं प्रोफाइल करा म्हणतो. २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून हे कुलूप आहे. प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या दोन आवृत्त्या एकाच कॉन्फिग फोल्डरवर सोडल्या तर पॅनेल कुठे जाईल सांगता येत नाही. होम वेगळं ठेवा आणि फोटो, गाणी, कागदपत्रं तेवढी एका सामायिक पार्टिशनवर. दोन्हीकडे यूजरचा क्रमांक १००० असला की परवानग्यांचाही घोळ होत नाही.

नवशिका:
नुसतं बघायचंच असेल तर व्हर्च्युअल मशिन (संगणकातच चालणारा नकली संगणक) पुरत नाही का?

बूटमेनू:
डेस्कटॉपची चव घ्यायला पुरतं. पण वायफाय चालतं का, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का आणि झोपला तर उठतो का, हे तिथे कळत नाही. त्यासाठी लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट तिथूनच लिनक्स चालवायचं. व्हेंटॉय हा प्रोग्राम त्यावर टाकला की एकाच ड्राइव्हवर हव्या तितक्या आयएसओ (डिस्ट्रोच्या इन्स्टॉल फाइली) राहतात.

साधाभोळा:
आणि आर्चमधलं एखादं पॅकेज हवंच असेल तर डिस्ट्रोबॉक्स आहे. कंटेनरमध्ये, म्हणजे सिस्टमच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात आर्च, खाली डेबियन. अख्खा डिस्ट्रो बसवायची गरजच नाही.

शेवटचा बाक:
फक्त एक लक्षात ठेवा, डिस्ट्रोबॉक्स आपण होऊन तुमचंच होम आत जोडतो. म्हणजे वरचा सगळा घोळ पुन्हा दारात. कंटेनर तयार करतानाच वेगळं होम द्या.

उचापती:
साधाभोळासाहेब, एकच सांगा. तुमचा तो 'एकच डिस्ट्रो' नेमका कुठला?

साधाभोळा:
डेबियन. कर्नल जुना वाटला तर बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी दिलेली नवी पॅकेजेस) आहेतच.

उचापती:
बॅकपोर्ट्समधून कर्नल मिळेल, नवा प्लाझ्मा सहसा मिळत नाही. दोन मॉनिटर, दोघांचं स्केलिंग वेगळं, हे मला वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर) नीट चालायला हवं, आणि त्यातल्या दुरुस्त्या नव्या प्लाझ्मातच येतात. त्यासाठी पुढच्या डेबियनची वाट बघत बसू का? माझ्या लॅपटॉपवरून फेडोरा हलणार नाही.

साधाभोळा:
नका हलवू. पण मग घरच्यांच्या पीसीवर मिंट कशाला, तिथेही फेडोराच टाका ना!

उचापती:
आणि दर वर्षी त्यांचा पीसी अपग्रेड करायला तुम्ही येणार?