पुराने खचलेल्या वस्तीतील मुलांसमोर कोणाचा आदर्श ठेवावा?

कृष्णाकाठचा रहिवासी, सांगली

नमस्कार. कृष्णेच्या काठावरील एका सखल वस्तीत मी जन्मापासून राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, म्हणजे 45 फुटांच्या धोका पातळीच्याही बारा फूट वर, आणि आमच्या गल्लीतील बहुतेक घरे बुडाली. जेमतेम सावरलेला संसार 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाण्यात गेला. शिलाई यंत्रे, हातगाडे, पिठाची गिरणी अशी पोटापाण्याची साधने दोनदा उभी करताना झालेली कर्जे अजून फिटलेली नाहीत. तरीही मला कर्जापेक्षा अधिक काळजी वाटते ती मुलांची. दहावीनंतर शिक्षण सोडलेली मुले संध्याकाळी पारावर मोबाइलवर पैसे लावून खेळत बसतात, आणि मी शिक्षणाचा विषय काढला की "आपल्या गल्लीतून कोण पुढे गेले?" असे मलाच विचारतात. मंडळाकडे गणेशोत्सवाच्या वर्गणीतील थोडी रक्कम शिल्लक आहे. एखाद्या नामवंत व्यक्तीचे व्याख्यान ठेवावे, असे काहींचे मत आहे, तर समाजमंदिरात अभ्यासिका सुरू करावी, असे इतरांना वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कडेगाव तालुक्यातील वाचक

आमच्या तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतात. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि मुलांची अभ्यासाची सवय मोडली, म्हणून गावाने हा निर्णय घेतला. यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, नियम केवळ मुलांसाठी नव्हता. आईवडिलांनीही त्या दीड तासात मालिका आणि मोबाइल बाजूला ठेवायचे होते. आपण आधी अभ्यासिकाच काढावी, पण तिची वेळ वस्तीतील मोठ्या माणसांनीही पाळावी. वडील पारावर पत्ते खेळत असतील, तर मुलगा अभ्यासिकेत फार दिवस टिकणार नाही.

एक परिचारिका, सांगली

दादा, आपल्या मुलांचा प्रश्न मला जवळचा वाटला, कारण मीही अशाच वस्तीत वाढले आहे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात रौप्यपदक मिळवणारा संकेत सरगर आपल्या सांगलीचाच आहे. त्याच्या वडिलांची पानपट्टी आहे आणि तोही तेथे काम करत असे. त्याने एकूण 248 किलो वजन उचलले आणि कोपराला दुखापत झाल्यामुळे त्याचे सुवर्णपदक एका किलोने हुकले. त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण काजोल हिनेही खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक जिंकले. हे मुलांना अवश्य सांगावे, मात्र पदकापेक्षा पानपट्टी सांभाळून केलेल्या सरावाविषयी अधिक सांगावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या गल्लीतून कोणीच पुढे गेले नाही, हे मला पटत नाही. नर्सिंग पूर्ण केलेली एखादी मुलगी, आयटीआय करून कारखान्यात कायम झालेला एखादा मुलगा तेथे नक्की असेल. लग्न किंवा नोकरीमुळे ती माणसे दुसरीकडे गेली असतील आणि म्हणून नजरेआड झाली असतील. त्यांना शोधून आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत बसायला सांगा. मला बारावीनंतर नर्सिंगचा अर्ज भरून देणारी ताई आमच्याच चाळीतली होती. ती नसती, तर असे शिक्षण असते हेही मला कळले नसते.

निवृत्त शिक्षक, सातारा

वरील ताईंशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याला एक जुना दाखला जोडतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात श्री छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकाच छताखाली राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करत. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही, दिले. भाऊरावांचे मोठेपण त्या मुलांना व्याख्यानातून कळले नाही; ते त्यांना रोजच्या ताटात दिसत होते. तुमच्याकडेही मुलांना नुसते श्रोते करू नका. अभ्यासिकेची किल्ली, झाडलोट आणि पुस्तकांची नोंदवही त्यांच्याच हाती द्या. विशेषतः पारावर बसणाऱ्या मुलांना हे काम सांगा, कारण त्यांच्यावर आजवर कोणी विश्वास टाकलेला नाही.

कृष्णाकाठचा रहिवासी, सांगली

सर्वांचा ऋणी आहे. परवाच्या बैठकीत आम्ही व्याख्यानाचा विचार सोडला. ताईंच्या सांगण्यावरून घरोघरी चौकशी केली, तेव्हा दोन परिचारिका, एक वायरमन, एक तलाठी आणि बँकेत लिपिक असलेली एक मुलगी एवढी माणसे आमच्याच गल्लीतली निघाली, आणि त्यांपैकी तिघांनी वार ठरवून दिले आहेत. किल्ली दहावीत नापास झालेल्या एका मुलाकडे सोपवली आहे. त्याने पहिल्याच दिवशी पुस्तकांची कपाटे तळमजल्यावर नकोत, वरच्या मजल्यावर न्यावीत, असे सुचवले आणि मित्रांना घेऊन ती स्वतः वर चढवली. दहावी-बारावीची जुनी पुस्तके कोणाकडे असल्यास कृपया येथे कळवावे; आम्ही येऊन घेऊन जाऊ.