मदत हवी आहे: एसटीतून निवृत्त झालेल्या वडिलांना रस्त्याकडेची जगावेगळी ठिकाणं दाखवायची आहेत (मुंबईहून ४ दिवस)

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ३१ वर्षं एसटीत चालक होते. आम्ही भांडुपला राहतो. सहलींचा हंगाम आला की त्यांना प्रासंगिक कराराची ड्युटी हमखास लागायची. शाळेची पोरं गाडीत भरायची, रात्रभर गाडी हाणायची, सकाळी ठिकाणावर पोचवायची आणि पोरं हिंडून येईपर्यंत मागच्या लांब सीटवर आडवं व्हायचं, कारण परतीचा प्रवास पुन्हा रात्रीचाच.

गेल्या महिन्यात जेवताना टीव्हीवर निघोजचे रांजणखळगे दाखवत होते. अण्णा म्हणाले, "इथं मी सात-आठ वेळा गेलोय." मी विचारलं, कसं आहे हो? थोडं थांबून म्हणाले, "गाडी लावायला सावली मिळते बघ."

माझा घास घशातच अडकला. हजारो पोरांना ज्यांनी हे सगळं दाखवलं, त्यांनी स्वतः त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. म्हणून ठरवलंय, चार दिवसांची सुट्टी काढायची, गाडी मी चालवायची आणि अण्णांनी प्रत्येक ठिकाणी खाली उतरायचं. देवदर्शन, थंड हवेची ठिकाणं, गड हे सगळं नातेवाइकांबरोबर होतंच. मला हवी आहेत ती सहलीच्या पोरांनी "ऑ!" करून बघितलेली ठिकाणं.

आतापर्यंत जुळवलेला मार्ग असा. कल्याण, मुरबाड, माळशेज चढून जुन्नर. तिथून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणारा माल याच वाटेनं यायचा. वर एक भला मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. अण्णांना टोलनाका म्हटलं की अजून कपाळाला आठ्या पडतात, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका त्यांना दाखवायचाच आहे. गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यातले आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी आहेत.

दुसरं, नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, आणि अशा ३० आहेत. १४ खोडदच्या आसपास, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या दूरवर पसरलेल्या. पुणे-नाशिक रस्त्यावर अण्णांनी इतक्या फेऱ्या मारल्यात, त्यांना त्या लांबून दिसायच्या. कंडक्टर म्हणायचा, "टीव्हीचे अँटेने आहेत." या तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात, म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, हे सांगितल्यावर अण्णांनी दोनदा विचारलं, "म्हणजे आपला फोनसुद्धा ताऱ्यांना आडवा येतो?"

तिथून निघोज. कुकडीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टला पडलेले खोल खळगे. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरागरा फिरत राहिले आणि वर्षानुवर्षं खडक पोखरत गेले. अलीकडे निघोज, पलीकडे टाकळी हाजी.

मग पुणे ओलांडून साताऱ्याच्या अलीकडे लिंबची बारामोटेची विहीर. इथे माझं जरा दुखणं आहे. मागच्या डिसेंबरात आम्ही गेलो होतो. मोबाइलवरच्या नकाशानं महामार्गावरून उतरवलं ते थेट उसाच्या रानात. पुढे ट्रॅक्टर, मागे बैलगाडी, वळवायला जागा नाही. बाहेर पडेपर्यंत अंधार झाला आणि तसेच परत फिरलो. अण्णा शेजारी बसून दर वळणाला डाव्या पायानं नसलेला क्लच दाबत होते, हात गिअरच्या दांड्याकडे जाऊन परत मांडीवर. बोलले काहीच नाहीत. ती विहीर मला राहू द्यायची नाही. १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधलेली, अष्टकोनी, जवळपास ११० फूट खोल, आणि पाण्याच्या वर, विहिरीच्या पोटातच छोटा महाल! दगडात कोरलेले शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) आहेत.

पुढे वाईजवळ मेणवलीचा घाट. तिथे टांगलेली घंटा १७०७ सालची, पोर्तुगिजांची. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या घंटा अशा देशावर आल्या. आपल्या वसईची घंटा कृष्णेकाठी, हे मला फार भावतं. मग भिलार, पुस्तकांचं गाव, तिथे एक दुपार. शेवटी आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड आणि घर.

आता प्रश्न.

१. लिंबला महामार्गावरून नेमकं कुठे वळायचं? नकाशा नको, खुणा सांगा: फाटा, पंप, देऊळ, काहीही.

२. अण्णांचा डावा गुडघा कुरकुरतो. विहिरीच्या पायऱ्या, निघोजचा खडक आणि नाणेघाटाच्या गुहेपर्यंतची उतरण यातलं त्यांना काय झेपेल? सत्तरीच्या माणसाला घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा. "हळूहळू जमतं" असं मोघम नको, खरं काय ते लिहा.

३. निघोजला किंवा टाकळी हाजीला घरगुती राहण्याची सोय आहे का? अण्णांना हॉटेलात झोप लागत नाही.

४. परतीला अलिबागवरून यावं का? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये तिकडे हलवली होती. आत सोडत नसतील तर बाहेरून तरी इमारत दिसते का?

भर (प्रतिसाद वाचून): २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन असतं याची आठवण करून दिल्याबद्दल मनापासून आभार. तीच तारीख धरून निघतोय. तोवर कुकडीचं पाणीही उतरलेलं असेल, म्हणजे खळगे उघडे दिसतील. त्या दिवशी शाळांच्या गाड्यांची गर्दी असते असं तुम्ही लिहिलंत, ते अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग डबा जास्त घे. तिथं आपले ड्रायव्हर लोक असतील, झोपून उठल्यावर त्यांना भूक लागते."

दहा माणसांचं पिठलं-भाकरी नेणार आहे. तेवढा दुसरा प्रश्न कोणीतरी मनावर घ्या.