बी विंगचा भोंगा

गोखले वहिनी (बी-३०१): नमस्कार. नाव घेत नाही, पण बी विंगमध्ये रोज रात्री साडेआठला जे सुरू होतं ते आता सहन होत नाही. एकच ओळ. मधेच तुटते, की पुन्हा पहिल्यापासून. मुलीची बारावी आहे, सगळ्यांना माहीत आहे. गणपतीतसुद्धा मी काही बोलले नव्हते.

काळे (सी-१०१): ते होय! मला वाटलं लिफ्टचं बेअरिंग गेलं. मी तर लिफ्टवाल्याला फोनपण केला.

सेक्रेटरी: लिफ्टची तक्रार रजिस्टरमध्ये लिहावी, ग्रुपवर नको. आणि कृपया कोणाचे नाव न घेता चर्चा करावी.

गोखले वहिनी: घेतलेलंच नाही.

फडके काका (बी-४०१): घ्या हो नाव. मीच तो. वाद्य सॅक्सोफोन. काल जिन्यात कोणीतरी 'भोंगा' म्हणालं तेही ऐकलं मी. कान शाबूत आहेत.

साळवी (ए-१०४): ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सर्वांनी नोंद घ्यावी.

फडके काका: साडेआठ ते सव्वानऊ वाजवतो. दहाच्या आत.

साळवी: ५५ डेसिबल.

ओंकार (ए-३०३): काका, ते जॉर्ज मायकलचं 'केअरलेस व्हिस्पर' गाणं ना? मी ओळखलं. तिसऱ्या दिवशी.

काळे: तिसऱ्या दिवशी ओळखलं यातच सगळं आलं.

फडके काका: काळेसाहेब, १९८४ च्या त्या गाण्यातल्या एका ओळीसाठी जॉर्ज मायकलने एकामागून एक सॅक्सवाले बोलावले आणि परत पाठवले. सगळे धंदेवाईक, रोज स्टुडिओत वाजवणारे. शेवटी स्टीव्ह ग्रेगरी आले. त्यांचा सॅक्स जुना, सगळ्यात वरच्या सुराची चावीच नव्हती त्यावर. आणि ओळ नेमकी तिथूनच सुरू होते. मग टेपची गती कमी करून अर्धा सूर खाली वाजवून घेतलं आणि नंतर गती पूर्ववत केली. असं घडलंय ते. मी पासष्टाव्या वर्षी शिकतोय, बँकेत होतो, स्टुडिओत नव्हतो.

गोखले वहिनी: त्यांनी निदान टेपची गती तरी कमी केली. तुम्ही काय कमी करणार ते सांगा.

काळे: वहिनी जिंकल्या.

सेक्रेटरी: हार-जीत नको.

जाधव ताई (बी-१०२): काका, तोंडात टॉवेल कोंबला तर? म्हणजे वाद्याच्या. गैरसमज नको.

फडके काका: ताई, तेही करून पाहिलं. ट्रम्पेटचा सगळा आवाज पुढच्या तोंडातून येतो, तिथे बोळा चालतो. सॅक्सचा आवाज अंगावरच्या उघड्या भोकांतून बाहेर पडतो. टॉवेलने फक्त सगळ्यात खालचे दोन-तीन सूर बसतात, बाकी जसंच्या तसं. शिवाय टॉवेल काढताना आतला कापूस अडकला तो वेगळाच.

साळवी: टॉवेल हा नियमात पर्याय नाही. ५५ डेसिबल.

नेने आजोबा (ए-३०२): फडके, पितळी वाद्य घरात वाजवू नये. ते बँडचे, मैदानावरचे.

फडके काका: आजोबा, अंग पितळेचं, पण जात सनई-क्लॅरिनेटची. फुंकर पत्तीतून जाते. सनईला दुहेरी पत्ती, याला एकेरी, बोरूची. वाजवण्याआधी ती जिभेखाली धरून ओली करावी लागते. परवा नातवाने एक चावून टाकली. त्या दिवशी मी वाजवलं नव्हतं, कोणाच्या लक्षात आलं का?

गोखले वहिनी: आलं. मुलीचा केमिस्ट्रीचा अख्खा धडा झाला त्या दिवशी.

ओंकार: काका, बेकर स्ट्रीट घ्या ना. १९७८, गेरी रॅफर्टीचं. सुरुवात आल्टो सॅक्सवर, वाजवणारा राफाएल रेव्हन्सक्रॉफ्ट. गाण्याचे शब्द कोणाला आठवत नाहीत, सॅक्स सगळ्यांना आठवतो.

जाधव ताई: ते म्हणे टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषावाल्याने वाजवलंय. माझ्या भाच्याने लंडनहून पाठवलं.

ओंकार: ती अफवा आहे ताई. बॉब होलनेस त्याचं नाव. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं फिरत होती, लोक पैजा लावायचे. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हाचं फॉरवर्ड.

जाधव ताई: मी फक्त आलेलं सांगितलं. मागे त्या गरम पाणी-लिंबाच्या मेसेजवरूनही मलाच बोलले होते सगळे.

सेक्रेटरी: लिंबाचा विषय बंद झालेला आहे.

काळे: विषय निघालाच आहे तर, माझ्या पार्किंगमध्ये रविवारपासून पांढरी गाडी उभी आहे. कोणाचे पाहुणे?

ओंकार: नेने आजोबांसाठी खास. पिंक फ्लॉइड बँडचं 'मनी' ऐका, १९७३. सॅक्स डिक पॅरीचा, गिटारवाल्या गिल्मोरचा केंब्रिजचा मित्र. मांडीवर ताल धरून बघा.

नेने आजोबा: नातसुनेने लावून दिले. आधी पैशांचा खणखणाट. मग सात मात्रा. रूपक ताल म्हणवत नाही, कारण रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते, टाळी नसते आणि इथे समेवर चांगला ठोका आहे. पण आवर्तन सातचेच. सॅक्सवाला सातात बेधडक वाजवतो. नंतर गिटार आली आणि मंडळी सरळ चारात उतरली. याचा अर्थ काय तो गिटारवाल्यांनी समजून घ्यावा.

ओंकार: आजोबा, मी गिटार वाजवतो.

नेने आजोबा: माहीत आहे. भिंत एकच आहे आपली.

डिसोझा आंटी (ए-२०२): सगळे इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आलात, आपल्या सिनेमातले सॅक्सवाले मनोहारी सिंग कोणाला आठवले नाहीत? 'रूप तेरा मस्ताना', १९६९. किशोरदांच्या आवाजाच्या मागे तो सॅक्स, आणि केर्सी लॉर्डचं अकॉर्डियन. ते दोन्ही काढा, उरेल फक्त शेकोटी आणि पाऊस.

काळे: सॅक्सवाले सगळे तुमच्या गोव्याचेच ना आंटी?

डिसोझा आंटी: मनोहारीदा कलकत्त्याचे. पण ऑर्केस्ट्रात आमची माणसं भरपूर, हे खरं. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकायचे, म्हणून मुंबईत कागद समोर ठेवला की लगेच वाजवायचे. माझे मामा त्यातलेच. सिनेमात नाही, लग्नात आणि क्लबात वाजवायचे. गिरगावच्या एका खोलीत सात माणसं राहायची. मामा लाकडी कपाटाचं दार उघडून कपड्यांत तोंड खुपसून रियाज करायचे. कोट ऊन ऊन व्हायचे म्हणे.

फडके काका: कपाट! हे मला सुचलं नव्हतं.

गोखले वहिनी: फडके काका, तुमचं कपाट आमच्या बेडरूमच्या बरोबर वर आहे.

डिसोझा आंटी: आणि 'बेदर्दी बालमा' ऐका, १९६५ चं. लताबाईंची ओळ संपते आणि सॅक्स उत्तर देतो. वाजवतो म्हणत नाही मी, उत्तर देतो. तसं वाजवलं तर बारावीची मुलगीपण पुस्तक खाली ठेवेल.

गोखले वहिनी: तेच तर नकोय.

काळे: आंटी, पांढरी गाडी तुमच्याकडची का?

डिसोझा आंटी: माझ्या दिराची. आजारी माणसाला बघायला आलेत. उद्या जातील. विचारायची ही जागा नाही.

काळे: विचारायची जागा नाही, लावायची जागा आहे. छान.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

सेक्रेटरी: काळे, डिलीट केलेला मेसेज मी वाचला आहे.

साळवी: मोबाइलवर मोजून पाहिले. बी विंगच्या जिन्यात ७१. मर्यादा ५५. स्क्रीनशॉट जोडत आहे.

ओंकार: साळवी काका, त्याच वेळी मिक्सर चालू होता. स्क्रीनशॉटवर वेळ आहे, आठ बावन्न. तुमच्याकडची चटणी.

साळवी: चटणी हे वाद्य नाही.

फडके काका: एक सांगतो आणि थांबतो. अमेरिकेतल्या ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'जंगललँड' गाण्यामध्ये, १९७५ साली, क्लॅरन्स क्लेमन्सचा जो सॅक्स आहे, त्याच्यासाठी दोघं सोळा तास बसले होते. एकेक सूर सांगायचा, वाजवायचा, पुसायचा. गाण्यात तो वाजतो दोन-अडीच मिनिटं. माझी तर एकच ओळ आहे, आणि तिचा पहिलाच सूर फाटतो. तो लागला की पुढचं येतं. म्हणून तुम्हाला सारखी सुरुवातच ऐकू येते. मलाही कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

गोखले वहिनी: सोळा तास? त्यांच्या खाली कोण राहायचं हो?

नेने आजोबा: हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसेल.

सेक्रेटरी: कमिटीच्या तीन सदस्यांशी बोललो. तोडगा: फडके यांनी रोज सायंकाळी ५ ते ६ गच्चीखालच्या खोलीत सराव करावा. चावी वॉचमनकडे. खोलीतील जुने सतरंज्यांचे गठ्ठे हलवू नयेत, त्यामुळे आवाज कमी होईल.

फडके काका: ५ ते ६ नातवाला स्केटिंगला नेतो. सूनबाईंची नोकरी आहे. ते कसं जमायचं?

साळवी: गच्चीखालची खोली निवासी भागातच येते. ५५ डेसिबल.

काळे: पांढरी गाडी अजून उभी आहे.

गोखले वहिनी: शनिवारी ११ ते १ मुलगी क्लासला असते. तेव्हा घरीच वाजवा, माझी हरकत नाही. पण ती एकच ओळ नको. डिसोझा आंटी म्हणाल्या ते वाजवा, लताबाईंचं.

फडके काका: त्याला मला वर्ष लागेल वहिनी.

गोखले वहिनी: शनिवारचं म्हणतेय मी. रोजचं नाही.

नेने आजोबा: शनिवारी साडेबाराला मी जेवून आडवा होतो. हे कोणी विचारात घेतलेले दिसत नाही.