उन्हाळी शिबिराचा फॉर्म भरण्याआधी

*ए-३०२:* नमस्कार. आपल्या सोसायटीतली दहा-बारा मुलं यंदा एकाच मैदानी शिबिराला जाणार असं दिसतंय. सकाळी ९ ते दुपारी ४, सगळं उघड्यावर, आठवड्यातून दोनदा पोहणं. फॉर्म भरण्याआधी इथे थोडं बोलूया का? मागच्या वर्षीची गोष्ट माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

*सी-१०४:* काय झालं होतं ताई? तेव्हा 'धाकट्याला बरं नाही' एवढंच कळलं होतं.

*ए-३०२:* ते शिबिर वेगळं होतं. दुसराच दिवस. घरी आला तोच चेहरा पांढराफटक, अंग घामानं चिंब, डोकं ठणकतंय म्हणाला आणि उलटी झाली. नंतर हळूहळू कळलं की दुपारी १२ लाच त्याला गरगरायला लागलं होतं. बाटली रिकामी, पाण्याची टाकी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. 'हा खेळ संपला की जा' असं त्याला सांगितलं. नऊ वर्षांचं पोर, मोठ्यांनी थांब म्हटलं म्हणून थांबलं. सलाइन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी बरा झाला, पण चार तास एकाही मोठ्या माणसाच्या लक्षात येऊ नये, हे मला आजही सलतं.

*बी-५०१ (डॉक्टर):* ताई, दुसऱ्याच दिवशी झालं यात नवल नाही. उन्हात मेहनत करायची सवय अंगाला लागायला साधारण ७ ते १४ दिवस जातात. सुट्टीत मुलं घरात, पंख्याखाली असतात आणि सोमवारी एकदम सात तास मैदानात. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जोखमीचे. 'पहिल्या आठवड्यात खेळ कमी आणि सावलीतला वेळ जास्त ठेवता का?' हे विचाराच. पहिल्याच दिवशी धावण्याच्या शर्यती ठेवणारं शिबिर असेल तर मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

*डी-००२:* डॉक्टर, आम्ही लहानपणी दिवसभर उन्हातच असायचो. काही झालं नाही. हल्लीची मुलं फार जपली जातात असं वाटतं.

*बी-५०१ (डॉक्टर):* आजोबा, तुमचं म्हणणं खरं आहे, पण एक फरक आहे. तुम्हाला तहान लागली की तुम्ही खेळ सोडून पाणी प्यायला जात होता, दमलात की सावलीत बसत होता. आपलं आपण खेळणारं मूल सहसा वेळेवर थांबतं. शिबिरात कधी थांबायचं ते शिट्टी ठरवते. मुलं नाजूक झालीत असं नाही, थांबायचा निर्णय त्यांच्या हातात राहिला नाही.

*डी-००२:* हे असं कधी लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे.

*ई-२०३:* पाणी नेमकं किती द्यायचं? माझी लेक दहा वर्षांची, बाटली भरलेली तशीच परत आणते.

*बी-५०१ (डॉक्टर):* अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ मध्ये दिलेला अंदाज मी वापरतो. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना खेळताना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली. कुमारवयीन मुलं जोरात खेळत असतील तर तासाला १ ते दीड लिटर. तहान लागेल तेव्हा पी असं सांगून भागत नाही, खेळ थांबवून सगळ्यांनी एकत्र प्यायला हवं. मग बाटली भरलेली परत येत नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. गरगरणं, मळमळ, डोकेदुखी असेल तर सावली, थंड पाणी, विश्रांती. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. तेव्हा शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेलेलं असतं. घाम येतोय म्हणून निश्चिंत राहू नका, धावपळीनंतरच्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत मुलाला थंड पाण्यात बसवायचं, टब नसेल तर अंगावर सतत पाणी ओतत वारा घालायचा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

*ई-५०३:* मी पोहायला शिकवतो, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर हाक कुठून मारणार? बाहेरून ते खेळतंय असंच वाटतं आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं संपू शकतं. म्हणून पाण्याकडे बघणारा माणूस फक्त बघणारा हवा. तोच शिकवतोय, तोच फोटो काढतोय, असं चालणार नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला किती पोहता येतं ते तपासतात का विचारा. दंडाला लावायचे हवेचे फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. आणि मुलांच्या जोड्या लावून दर थोड्या वेळानं मोजणी.

*सी-१०४:* किती मुलांमागे एक शिक्षक असावा याचं काही माप आहे का?

*ए-३०२:* मी शोधलं होतं. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिरांसाठीचं प्रमाण असं: ६ ते ८ वर्षांच्या ८ मुलांमागे एक, ९ ते १४ च्या १० मागे एक, १५ ते १८ च्या १२ मागे एक. आपल्या शिबिरावर ते बंधनकारक नाही, पण आकडा हातात असला की विचारायला बरं पडतं.

*सी-१०४:* काकू, मी आईच्या फोनवरून लिहितेय. मी सोळा वर्षांची आहे, मागच्या वर्षी एका शिबिरात मदतनीस होते. तिथे मोजताना आम्हालाही शिक्षकांत धरायचे. एकदा चौदा लहान मुलं अर्धा तास माझ्या एकटीवर सोडली होती. एकाला धाप लागली आणि त्याचा इनहेलर ऑफिसच्या कपाटात. मी पळत जाऊन आणला, तोवर बाकीच्यांकडे कुणीच नव्हतं. मला अजून भीती वाटते.

दुसरं म्हणजे आमच्या वयाच्या मुलांना कुणी काही विचारतच नाही. आम्ही चक्कर आली तरी सांगत नाही, सगळ्यांसमोर लाज वाटते. आणि तिथला एक दादा रात्री मला वेगळे मेसेज करायचा. वाईट काही लिहायचा नाही, पण मला नको वाटायचं. कुणाला सांगायचं ते माहीत नव्हतं. शेवटी आईला सांगितलं.

*ए-३०२:* बाळा, तू हे इथे लिहिलंस, फार बरं केलंस. यात तुझी कुठेच चूक नव्हती. चौदा मुलं तुझ्यावर सोडणं ही त्यांची चूक, आणि ते मेसेजसुद्धा.

आपण सगळ्यांनी मिळून शिबिराला लेखी विचारूया. शिक्षक मुलांना खाजगी मेसेज करणार नाहीत, जे कळवायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. बंद खोलीत किंवा गाडीत एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस असं कधीच नाही. मदतनीस मुलांना शिक्षकांच्या मोजणीत धरणार नाहीत. इनहेलर आणि ॲलर्जीचं इंजेक्शन गटाबरोबरच्या पिशवीत, कपाटात नाही. गरज पडली तर ते देता येणारा माणूस गटात हवा.

*एफ-४०१:* विजांचं काय? दुपारी ढग जमतात.

*बी-५०१ (डॉक्टर):* गडगडाट ऐकू आला की मैदान सोडायचं. झाडाखाली किंवा तंबूत नाही, पक्क्या इमारतीत किंवा धातूच्या टपाच्या बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही.

*एफ-४०१:* आणि टी-शर्टवर पुढे मोठ्या अक्षरात नाव छापतात, ते मला पटत नाही. अनोळखी माणूस नावानं हाक मारतो तेव्हा लहान मुलाला तो ओळखीचाच वाटतो. नाव आतल्या बाजूला असू दे. घरी कोण न्यायला येणार त्यांची यादी आधी द्यायची, यादीबाहेरचा कुणी आला तर आपल्याला फोन केल्याशिवाय सोडायचं नाही.

*ए-३०२:* हे पण लिहून घेते. मी शनिवारी दुपारी १२ वाजता मैदान बघायला जातेय. सकाळी मुद्दामच जात नाही, तेव्हा सगळीकडे सावली दिसते. कोण येतंय?

*ई-५०३:* मी येतो. तलाव मला बघायचाच आहे.

*सी-१०४:* काकू, मी येऊ? टाकी किती लांब आहे ते मी चालून बघते.

*ए-३०२:* ये ना. तूच बघ.

*बी-५०१ (डॉक्टर):* मीही आहे. अर्धं मैदान कृत्रिम गवताचं आहे असं ऐकलंय. उन्हात ते साध्या गवतापेक्षा खूप जास्त तापतं. थर्मामीटर आणतो, दोन्हीकडचं मोजून घेऊ.