शब्दचर्चा : मागणीची ‘लवचिकता’

शंकेखोर :
विकासनीतीवरच्या एका लेखात ‘गरीब घरांची मच्छरदाणीची मागणी फार लवचीक असते, म्हणून ती फुकट द्यावी’ असं वाक्य आहे. लवचीक म्हणजे जुळवून घेणारी ना? मग किंमत लावली तरी जुळवून घेतील की! आणि ‘लवचीक’मध्ये ची दीर्घ, ‘लवचिकता’मध्ये ऱ्हस्व, हे कसं?

अदमासे :
दोन्ही रूपं बरोबर. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ; शब्दाला पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व.
अर्थाचं म्हणाल तर इथे स्वभावाचा प्रश्नच नाही, हे निव्वळ गुणोत्तर आहे : किंमत १ टक्का हलली तर मागणी किती टक्के हलते. चिन्ह सोडून उत्तर १च्या वर गेलं तर लवचीक, खाली राहिलं तर अलवचीक. ‘लवचीक’च्या जागी ‘किंमत वाढताच ढासळणारी’ असं वाचून पाहा.

पाढेवाचक :
टक्के कुठून मोजता तेही सांगा, निम्मा घोळ तिथेच होतो. किंमत १०ची १२ झाली, मागणी १००ची ९०. वर जाताना लवचिकता ०.५. तोच रस्ता उलटा चाललात तर ०.६७! म्हणून दोन्ही टोकांची सरासरी पायाला घेतात : १० भागिले ९५, त्याला ‘२ भागिले ११’ने भागा, उत्तर ०.५८.

तिरकस :
आणि फुकट वस्तूपाशी हा उपायही लंगडा पडतो. शून्यावरून किती टक्के वाढ, याला उत्तरच नाही. सरासरी घेतली तर किंमतवाढ कायम २०० टक्के येते, मग शुल्क १ असो की १००. याच सरासरीच्या हिशेबात मागणीतली घट २०० टक्क्यांपुढे जाऊच शकत नाही, म्हणजे लवचिकता कधीही १च्या वर जाणार नाही. समजा १०० जणांतले ४० उरले : ६० भागिले ७०, त्याला २ने भागा, ०.४३. साठ माणसं गळाली आणि सूत्र म्हणतं ‘अलवचीक’!
केनियात गर्भवती स्त्रियांसाठीच्या मच्छरदाण्यांवर कोहेन आणि द्युपा या अर्थतज्ज्ञांनी केलेला प्रयोग (प्रसिद्धी २०१०) नेमका इथलाच. किंमत ० वरून ०.६० डॉलर झाली तेव्हा घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्केबिंदूंनी घसरलं. पैसे मोजणाऱ्या जास्त वापरतात, असंही दिसलं नाही. म्हणून लेखातलं ते वाक्य आकड्यांतच लिहावं, तिथे ‘लवचीक’ नको.

शंकेखोर :
‘टक्केबिंदू’ कशाला? ६० टक्के म्हटलं तर?

पाढेवाचक :
१००वरून ४०ला आलात तर फरक पडत नाही. पण प्रमाण ५० टक्क्यांवरून २०वर आलं तर घट ६० टक्क्यांची, टक्केबिंदू मात्र ३०च. मच्छरदाण्या किती मागवायच्या हे ठरवताना बिंदूच लागतात.